पाठमोऱ्याचा पियानो

८ जानेवारी

अकरा वर्षांत पहिल्यांदा शिफारसपत्र वेळेवर गेलं नाही. जगाचं काही अडलं नाही. चाळीस वाचकांपैकी दोघांनी चौकशी केली. त्यातला एक दंतवैद्य, आणि त्याच्या आवाजात काळजी कमी, आशा जास्त होती.

ही वही कंपनीची. आमची पंपाची कंपनी दर वर्षी प्रत्येकाला एक डायरी देते, पहिल्या पानावर पंपाचं रंगीत चित्र. मी तिथं माहितीपुस्तिका लिहितो. ‘पंप चालू असताना आत हात घालू नये’ हे माझं सर्वांत जास्त छापलं गेलेलं वाक्य. हात कुठं घालू नये हे सव्वीस वर्षं सांगितल्यावर, कुठं घालावा हेही सांगावंसं वाटतं. म्हणून शिफारसपत्र. महिन्याला एक पान, एक अल्बम, रॉक नाहीतर ब्लूज, तिसरं काही नाही. दुसऱ्या रविवारी चष्मेवाल्याच्या दुकानामागच्या खोलीत आम्ही सातआठ जण तो अल्बम दोन्ही बाजूंनी ऐकतो. मध्ये बोलायचं नाही. नाव आधी सांगायचं नाही, नावानं माणसं दबतात. म्हणून अल्बमला टोपणनाव. संपला की प्रत्येकानं एक ओळ चिठ्ठीवर लिहायची, सही न करता. आणि पत्रात चुकीची माहिती देणाऱ्यानं पुढच्या पत्राच्या डोक्यावर स्वतःच्या अक्षरात ‘दुरुस्ती’ लिहायची. हा शेवटचा नियम माझा. दंतवैद्यानं एकदा पाहुणा म्हणून लिहिलेल्या पत्रात ऑर्गनला गिटार म्हटलं होतं, तेव्हा केला.

सप्टेंबरात दादा गेला. हे वाक्य लिहून पाहिलं. काही होत नाही.

तेव्हापासून रेकॉर्ड लावतो आणि ती शेजारच्या घरात वाजत असते. ओळखीच्या गाण्यांत ओळखीचे सूर जागेवर नसतात. सगळं अर्धं. शोक असाच असतो म्हणे. त्यात त्या आठवड्यातल्या सर्दीचा दडा डाव्या कानाला अजून बसलेला आहे. बायको म्हणते, डॉक्टरला दाखव. मी म्हटलं, इथं आख्ख्या माणसाला दडा बसलाय, तू कानाचं काय घेऊन बसलीस.

वाक्य मला आवडलं. तिला नाही.

१२ जानेवारी

पत्र नसल्यामुळे दंतवैद्यानं आपली रेकॉर्ड आणली. चार तरुण एकाच सुराला चाळीस मिनिटं मारतात आणि तो सूर काही कबूल करत नाही. एका चिठ्ठीवर ‘दाढ काढताना लावावी’ असं आलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी लिहिलं नव्हतं. मी चिठ्ठी कोरीच टाकली होती.

भूगोलाच्या बाईंनी विचारलं, “पुढचं पत्र कधी, संपादक?”

“लिहिण्यासारखं काही ऐकूच येत नाही हो.”

त्यांनी आदरानं मान हलवली. काहीतरी खोल बोललो असं त्यांना वाटलं असणार.

दादाची खुर्ची डाव्या भिंतीला टेकून रिकामी होती. अकरा वर्षं तो तिथंच बसायचा, अगदी कडेला. घरी जेवायला बसतानाही कडेलाच. मी त्याला ‘समासातली टीप’ म्हणायचो. तो हसायचा.

१९ जानेवारी

वहिनीकडे गेलो होतो. मार्चअखेर ती लेकीकडे राहायला जाणार आहे. तिथं तिच्यासाठी एक खोली, एका पलंगाची आणि एका कपाटाची. इथं दादाच्या चारशे रेकॉर्ड. मला वाटलं, त्यांचं काय करायचं म्हणून बोलावलं असेल.

“भाऊजी, ह्यातली एक सांगा.”

“एक कशासाठी?”

“ऐकायला. दुसरं काय करतात तिचं?”

“वहिनी, तुम्हाला तर या सगळ्याचा वैताग होता.”

“होताच. एकतीस वर्षं मी त्या खोलीचं दार ओढून घेतलं. आता दार सताड उघडं असतं, पण आतून काही येत नाही.” तिनं चहाचा कप माझ्याकडे सरकवला. “एकच नेणार आहे. बाकीच्या तुम्ही न्या. पण ती एक अशी हवी की ऐकल्यावर मला कळलं पाहिजे, हा माणूस आत बसून काय ऐकत होता.”

“दादाची आवड म्हणजे...”

“चाळीस परक्या माणसांना दर महिन्याला सांगता ना? मला एकदा सांगा.”

मी हो म्हणालो. संपादकाच्या खुर्चीत बसलेला माणूस दुसरं काय म्हणणार. बारा रेकॉर्डचं एक खोकं घेऊन आलो. ते उचलताना दादाच्या यंत्राकडे लक्ष गेलं. दोन स्पीकर, आणि दोन्ही उजव्या भिंतीला मांडीला मांडी लावून बसलेले. स्टिरिओ यंत्राची अशी अवहेलना मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

२७ जानेवारी

अकरा ऐकून झाल्या. आमची बायको घरी बसून न्यायालयाच्या कागदांचं भाषांतर करते, तिला शांतता लागते, म्हणून मी हेडफोनवर ऐकतो. ती खटले उलगडते, मी ब्लूज. दोन्हीकडे माणसं आपली बाजू सांगत असतात.

अकरांपैकी एकीनंही हात धरला नाही. सात मला पाठ आहेत, त्यांची शिफारस मी कधीकाळी केलेली आहे. माझी जुनी पत्रं काढून वाचली. ‘हा सूर ऐकून ज्याच्या अंगावर काटा येत नाही त्यानं नाडी तपासून घ्यावी.’ किती खात्रीचा माणूस होता. त्याला आता अल्बम विचारायला हवा.

शिफारस करणं म्हणजे दुसऱ्याला आपल्या घरात बोलावणं. सध्या घरात मीच नाही.

बायको मध्ये काहीतरी म्हणाली. दोनदा. मी म्हटलं, हेडफोन आहेत. ती म्हणाली, “गळ्यात आहेत.”

२९ जानेवारी

बारावी मिळाली.

मी ती पूर्वी कधी पाहिली नव्हती. कव्हरवर टोपी घातलेला माणूस, आपल्याकडे पाठ करून उभा. मागची बाजू कोरी, कोण काय वाजवतं याचा पत्ता नाही. टोपणनाव ठेवायचं कामच नाही: पाठमोरा.

म्हातारा आवाज, मोठा बेस, मागे ड्रमवर ब्रशची खसखस. बस्. हा माणूस एक ओळ गातो आणि थांबतो. दुसरं कुणी असतं तर त्या जागी गिटार बसवली असती, पियानो बसवला असता. हा काहीच बसवत नाही. बेस चार पावलं एकटा चालतो आणि मग तो पुढची ओळ गातो, जणू मधल्या वेळात त्याला कुणी काही बोललंच नाही. दुसऱ्या बाजूच्या तिसऱ्या गाण्यात तर तो दोन मिनिटं गप्प आहे. दोन मिनिटं नुसता बेस.

तीनदा ऐकली. काटा वगैरे आला नाही. पण चार महिन्यांत पहिल्यांदा वाटलं की ही रेकॉर्ड शेजारच्या घरात नाही. ही माझ्याच घरात वाजते आहे, आणि घर रिकामं आहे.

२ फेब्रुवारी

पत्र लिहून पाठवलं. एक परिच्छेद इथं उतरवून ठेवतो, कारण बरा झालाय:

‘पाठमोऱ्याची थोरवी त्यानं जे वाजवलं नाही त्यात आहे. या अल्बममध्ये पियानो नाही. तो कुठं यायला हवा होता ते प्रत्येक ओळीनंतर कळतं, आणि तो येत नाही. ज्यांनी कुणालातरी गमावलं आहे त्यांना ही जागा ओळखीची वाटेल. वाट बघू नये. कुणी उत्तर देणार नाही.’

आणि रेकॉर्ड वहिनीकडे पोहोचवली. म्हटलं, ही न्या. दादा हेच ऐकत असणार.

“म्हणजे काय?”

“रिकामेपण.”

वहिनीनं कव्हर उलटून कोरी मागची बाजू पाहिली. “बरं,” म्हणाली.

५ फेब्रुवारी

वहिनीचा फोन.

“ऐकली. काल आणि आज. चांगली आहे हो. तो पियानोवाला मला फार आवडला.”

मी म्हटलं, “वहिनी, तो बेस. जाड आवाज असतो.”

“जाड आवाज वेगळा. तो आहेच. मी पियानो म्हणतेय. तो म्हातारा काही बोलला की हा त्याला उत्तर देतो. कधी समजावतो, कधी चिडवतो. एके ठिकाणी तर म्हातारा रुसून बसतो आणि हा एकटाच बोलत राहतो, किती वेळ.”

“तुम्ही दुसरी रेकॉर्ड लावली असणार. कव्हरात भलतीच असते कधीकधी.”

“टोपीवाला माणूस, पाठ करून.”

“मग तसा भास होतो. सवय नसते कानाला.”

“भाऊजी, पियानो वाजतो तेव्हा पियानो वाजतोय एवढं मला कळतं. मी काही तुमचा पंप नाही.”

फोन ठेवल्यावर बायकोला सांगितलं, दुःखात माणसाला नाही नाही ते ऐकू येतं. ती न्यायालयाच्या कागदातून मान वर न काढता म्हणाली, “नाहीतर येत नाही.”

९ फेब्रुवारी

आज मी हरलो, पण कशात ते अजून समजत नाही.

चष्मेवाल्याकडे पाठमोऱ्याचीच एक प्रत निघाली. स्पीकरवर लावली. मी माझ्या खुर्चीत मधोमध बसलो, रिकामेपणाचा यजमान. म्हातारा पहिली ओळ गायला, थांबला, आणि पियानो आत आला. दार न वाजवता, घरचाच असल्यासारखा. मग प्रत्येक ओळीनंतर. दुसऱ्या बाजूच्या तिसऱ्या गाण्यात दोन मिनिटं.

बोलायचं नाही हा नियम किती क्रूर आहे ते आज कळलं. चाळीस मिनिटं सगळे ऐकत होते आणि माझ्याकडे बघत नव्हते.

चिठ्ठ्या चष्मेवाल्यानं वाचल्या. पहिली: ‘पियानो अप्रतिम.’ दुसरी: ‘पियानो नसता तर अल्बम कंटाळवाणा झाला असता.’ तिसरी: ‘संपादकांनी नक्की कोणता अल्बम ऐकला?’ चौथीवर एकच शब्द, ठळक: ‘दुरुस्ती.’ दंतवैद्य छताकडे बघत होता, समाधानानं.

मी म्हटलं, “माझी प्रत वेगळ्या छपाईची आहे.”

“पियानो वगळून छापतात का?” भूगोलाच्या बाईंनी प्रामाणिकपणे विचारलं.

“मग हेडफोनची एक वायर गेली असेल.”

“असेल,” दंतवैद्य म्हणाला. “पण नियमात वायरीचा उल्लेख नाही. नियम ज्यानं केला त्याला विचारायला हवं.”

११ फेब्रुवारी

हेडफोन घेऊन चष्मेवाल्याकडे गेलो. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. त्यानं हेडफोन स्वतःच्या कानांना लावून पाठमोरा ऐकला, दोन्ही बाजूंना बोट ठेवून खात्री केली.

“वायर ठीक आहे. जुनं रेकॉर्डिंग आहे, संपादक. गाणारा आणि बेस पूर्ण उजवीकडे, पियानो पूर्ण डावीकडे. तेव्हा स्टिरिओ नवा होता, सगळी खोली दोन कोपऱ्यांत वाटायचे.”

मग त्यानं मला डोळे तपासायच्या खुर्चीत बसवलं. समोर अक्षरांचा फळा, खाली उतरत जाणारा. हेडफोन माझ्या डोक्यावर चढवला. म्हातारा, बेस, रिकाम्या जागा.

“काय दिसतं?” तो म्हणाला. सवयीनं.

“म्हातारा.”

त्यानं हेडफोन काढला, उलटा केला आणि परत चढवला.

“आता?”

पियानो. नुसता पियानो. म्हातारा गेला, बेस गेला, खोलीतलं सगळं सामान कुणीतरी उचलून नेल्यासारखं. पियानो चार सूर वाजवून थांबत होता, ऐकून घेत होता आणि उत्तर देत होता. कुणाला ते कळत नव्हतं.

चष्मेवाला मऊ माणूस आहे. चष्म्याचा नंबर सांगताना तो जसा बोलतो तसा म्हणाला, “तुमचा डावा कान दाखवून या.”

१७ फेब्रुवारी

कानाच्या डॉक्टरकडे एक कपाटाएवढी खोली असते. आत बसवतात, दार लावतात आणि आवाज आला की बटण दाबायला सांगतात. उजवीकडे मी भराभर बटण दाबलं. मग बराच वेळ काही झालं नाही. मला वाटलं, डॉक्टरीण चहाला गेली. ती डावी बाजू तपासत होती.

तिनं आलेख दाखवला. एक रेघ वरून नीट जाते, दुसरी तळाशी.

“कधीपासून?”

“सप्टेंबर. भाऊ गेला त्या आठवड्यात सर्दी झाली होती. दडा बसला असं वाटलं.”

“पहिल्या पंधरा दिवसांत आला असतात तर प्रयत्न करता आला असता. आता या कानाकडून फार अपेक्षा ठेवू नका.”

मी बरं म्हणालो. म्हणजे पाच महिने मी ज्याला शोक म्हणत होतो, त्यातला निम्मा हा होता. उरलेला निम्मा कुठं आहे ते तपासायचं कपाट तिच्याकडे नव्हतं.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, “मी सप्टेंबरपासून तुझ्या उजव्या बाजूनं चालते.”

“मग सांगायचं नाही?”

“सांगितलं ना. तेव्हा डाव्या बाजूला होते.”

मग तिनं फाईल मिटली. इतक्या लवकर कधी मिटत नाही.

२३ फेब्रुवारी

वहिनीची माफी मागायला गेलो. तिच्या घरी माझी नेहमीची खुर्ची, तिची माझ्या डावीकडे.

“पियानो होता, वहिनी.”

“होता ना?”

“होता. माझा डावा कान गेलाय.”

ती अरेरे म्हणाली नाही. उठली, खुर्चीला वळसा घातला आणि माझ्या उजवीकडे स्टुलावर बसली. एका हातानं स्टूल ओढलं, दुसऱ्यानं पदर सावरला. न बघता. जे काम हजार वेळा केलेलं असतं ते माणूस असं करतं.

मी दादाच्या यंत्राकडे पाहिलं. उजव्या भिंतीचे ते दोन स्पीकर. पुढच्या बाजूला मोनोचं बटण, दाबलेलं आणि त्यावर चिकटपट्टी, वर येऊ नये म्हणून. पट्टी पिवळी पडून काचेसारखी झाली होती. मोनो म्हणजे दोन्ही बाजूंचं सगळं एकत्र, दोन्हीकडे तेच. डावीकडचं काही हरवत नाही.

“वहिनी, दादाला...”

“डावीकडनं काही नव्हतं. ताप आला होता लहानपणी. तुम्ही व्हायच्या आधी.”

“मला कुणी बोललं नाही.”

“ह्यांनी बोलू दिलं नाही.”

“का पण? सख्खा भाऊ मी.”

“तुम्ही लिहिलं असतंत.”

रागानं नाही. मीठ कुठल्या डब्यात आहे ते सांगावं तसं.

आणि मी लिहिलं असतं. बटणावर तर लिहिलंच होतं, चौथ्या पत्रात: ‘आमचे बंधू स्टिरिओ यंत्र घेऊन मोनो ऐकतात. दुमजली घर बांधून जिन्याखाली राहणाऱ्या माणसाला कोणता अल्बम सुचवावा?’ दादानं ते चष्मेवाल्याच्या खोलीत मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. सगळ्यांत जास्त तोच हसला होता. समासात बसून.

“लावू?” वहिनीनं विचारलं.

तिनंच लावली. सुई ठेवायला तिला आता जमतं. म्हातारा आला, पियानो आला, दोघं एकाच ठिकाणाहून, एकमेकांना चिकटून. दुसऱ्या बाजूच्या तिसऱ्या गाण्यात म्हातारा थांबला तेव्हा वहिनीनं एक बोट वर केलं. “आता येईल,” म्हणाली. आणि आला. मी दोन मिनिटं तिच्या बोटाकडे बघत होतो. प्रत्येक वेळी ते सुराच्या जरासं आधी हलायचं.

मला काही झालं, असं म्हणता येणार नाही. रेकॉर्ड संपली, सुई आतल्या वर्तुळात खरखरत फिरत राहिली आणि आम्हा दोघांपैकी कुणीही बराच वेळ उठलं नाही.

“ही मी नेणार,” वहिनी म्हणाली. “लेकीकडे छोटं यंत्र आहे, एकाच स्पीकरचं. हे मोठं तुम्ही न्या.”

“बरं.”

“ती पट्टी काढू नका.”

१ मार्च

यंत्र घरी आलं. दोन्ही स्पीकर उजव्या भिंतीला लावले, मांडीला मांडी लावून. बायको म्हणाली, कामाच्या वेळीही लाव, मला चालतं. खटले तसेही कंटाळवाणे आहेत.

चष्मेवाल्याला कळवलं, पुढच्या बैठकीपासून भिंतीकडची खुर्ची मी घेईन. तो म्हणाला, पुसून ठेवतो.

मार्चचं पत्र लिहायला बसलो. अल्बम अजून ठरलेला नाही. आधी नियमाप्रमाणे वरचा भाग, स्वतःच्या अक्षरात. तीन कागद फाडले. चौथा इथं उतरवतो:

‘दुरुस्ती. मागच्या पत्रात पाठमोऱ्यात पियानो नाही असं लिहिलं होतं. पियानो आहे. पहिल्या ओळीपासून आहे आणि प्रत्येक ओळीला उत्तर देतो. लिहिणारा त्या बाजूनं ऐकत नव्हता.

जुनी दुरुस्ती. चौथ्या पत्रात एका बटणावर विनोद केला होता. विनोद बरा होता. मागे घेतो.’